आमच्या घरी अळंबी का चालत नसे

परवा मधल्या आत्याला फोन केला होता. तिला आता ८४ वर्षं झाली. कान थोडे गेलेत, पण स्मरणशक्ती आम्हा सगळ्या भाच्यांना लाजवेल अशी. बोलता बोलता पावसाचा विषय निघाला, पावसावरून अळंबीचा निघाला, आणि मी सहज विचारलं, "आत्या, आपल्या घरात अळंबी का गं चालायची नाही?"

खरं तर उत्तर मला माहीत होतं. निदान तसं वाटत होतं. लहानपणी आजीला विचारलं की ती म्हणायची, शास्त्रात निषिद्ध आहे. बाबाही तेच म्हणायचे. पुढे मी स्वतः मनुस्मृती चाळली तेव्हा तो श्लोकही सापडला, आणि मित्रांसमोर दोन-चार वेळा तो फेकूनही झाला. पण आत्या म्हणाली, "शास्त्र कसलं रे मेल्या, यमूआत्या गेली ना!"

मी गप्पच झालो. यमू हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

यमू म्हणजे आमच्या आजोबांची थोरली बहीण. साल १९२४ च्या सुमाराचं असावं. श्रावणातले दिवस, यमू नऊ वर्षांची. परसाच्या मागे काजूखाली पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. भातुकलीत खरी भाजी करायची म्हणून तिने त्या आणल्या, बोळक्यात मीठ घालून शिजवल्या आणि खाल्ल्या. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांना वास आवडला नाही म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. (त्या नावडीमुळे मी आज हे लिहितोय!) रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी थांबले, पोरगी उठून बसली, पेज मागितली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पाचव्या दिवशी ती गेली.

आत्याला हे तिच्या आजीने, म्हणजे यमूच्या आईने सांगितलेलं. त्यानंतर घरात अळंबीचं नावही निघत नसे. पुढच्या पिढीत नियम राहिला, यमू विसरली गेली, आणि रिकाम्या जागेवर शास्त्र येऊन बसलं. आयत्या बिळात नागोबा, दुसरं काय!

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहून काढावं.

आधी ज्या अळंबीबद्दल बोलतोय ती कोणती ते सांगतो, कारण भुईतून छत्री उगवली की तिला आपण सरसकट कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे होतो. कोकणात आषाढ-श्रावणात वारुळांच्या आसपास जी येते ती ही अळंबी. अळमीही म्हणतात. गोव्यात तिला रोयण अळमी म्हणतात. रोयण म्हणजे वारूळच. विदर्भात सात्या, टेकोडे अशी नावं ऐकलीत. शास्त्रज्ञांच्या भाषेत हिचं कुळ टर्मिटोमायसिस, म्हणजे शब्दशः वाळवीची बुरशी. हे नाव रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली दिलं. पण वारुळाचा आणि बुरशीचा संबंध लिहून ठेवणारा पहिला माणूस त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीचा, आणि तो आपल्याकडेच काम करत होता. योहान गेरहार्ड कोनिग हा लिनियसचा शिष्य तामिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला होता. तंजावरच्या भागातली वारुळं फोडून त्याने आत काय चाललंय ते पाहिलं आणि १७७९ साली छापलं. पुढे १९०६ मध्ये टॉम पेच याने सिलोनात त्याचा आणखी खोलात अभ्यास केला.

आत चाललेली असते शेती. वाळवी लाकूड, पालापाचोळा खाते, पण त्यातला कठीण भाग तिला पचत नाही. म्हणून ती तो अर्धवट पचलेला चोथा विष्ठेवाटे टाकून त्याचे स्पंजासारखे पोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकडातलं लिग्निन फोडते, आणि मऊ झालेला माल व बुरशीचे पांढरे दाणे वाळवी खाते. ही शेती आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असं मानतात. टांझानियात सापडलेल्या अशा पोळ्यांचे २.५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. आपण बटण मश्रूम पिकवायला शिकलो (हिमाचलात सोलनला त्याची सुरुवात १९६१ मध्ये झाली), पण या अळंबीची व्यापारी शेती आजवर कोणालाही जमलेली नाही. वाळवी लागते आणि वाळवीचं अख्खं घर लागतं. म्हणून ती अजूनही रानातूनच येते.

आता शास्त्राकडे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. तिच्यात लसूण, कांदा यांच्याबरोबर कवक आहे. (आज विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत फंगससाठी हाच शब्द वापरतात.) पुढे त्याच अध्यायात म्हटलंय की छत्राक जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो. तिथेही शेजारी गावडुक्कर, गावकोंबडा, कांदा, लसूण आहेतच. आणि सहाव्या अध्यायात सगळं सोडून रानात गेलेल्या वानप्रस्थालाही सांगितलंय की मध, मांस आणि भुईत उगवणारी कवकं वर्ज्य.

आपल्याकडे लोक लगेच म्हणतात, बघा, आपल्या पूर्वजांना माहीत होतं की ही विषारी असतात! मला हे पटत नाही. कांदा कुठे विषारी आहे? आणि वानप्रस्थाच्या त्याच यादीत शेवगा आणि भोकरही आहेत. आमच्या सोवळ्या आजीच्या आमटीत शेवग्याच्या शेंगा असायच्या आणि भोकराचं लोणचं तर ती बरणी भरून घालायची. तेव्हा मनू कुठे आडवा आला नाही! माझ्या मते ती यादी शुद्धाशुद्धतेची आणि संयमाची आहे. विषाचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

शिवाय ज्यांना खरोखर गुणदोष बघायचे होते त्यांनी ते पाहिलेच होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाज्यांमध्ये अळंबीचा वर्ग आहे, आणि ती कशावर उगवली यावरून प्रकार केलेत: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि भुईतली. भुईतली पचायला जड, असं सांगून पुढे म्हटलंय की तिची मागून जाणवणारी चव त्या त्या जमिनीप्रमाणे असते. हे वाचलं तेव्हा मी जागच्या जागी उडालो. हे लिहिणाऱ्या माणसाने अळंबी खाल्ली होती, आणि एकदाच नाही! कालिदासाच्या मेघदूतात तर मेघाच्या गडगडाटाने जमिनीतून शिलीन्ध्र उगवतात, आणि ती जमीन पिकणार याची ती खूण आहे. काही टीकाकार शिलीन्ध्र म्हणजे कंदलीचं फूल म्हणतात, काही भुईछत्र. मी भुईछत्राच्या बाजूने, कारण गडगडाट झाला की अळंबी येते हे आमच्या गावातही सगळे मानतात.

म्हणजे या देशात एकाच वेळी अळंबी ओळखणारे, चाखणारे, तिच्यावर काव्य करणारे आणि तिला ताटाबाहेर ठेवणारे, सगळे होते. बंदी ज्यांच्यावर नव्हती त्यांनी ती खाल्ली. खाल्ली म्हणून ओळखली, आणि ओळख मुलाबाळांना दिली. आमच्यासारख्या घरांनी खाल्ली नाही, म्हणून आमच्याकडे ओळखच उरली नाही. मला राहून राहून वाटतं, की वरच्या वाडीतली नऊ वर्षांची कुठलीही मुलगी त्या काजूखालच्या छत्र्यांना शिवली नसती. तिला आईने दहादा दाखवून ठेवलेलं असतं, ही घ्यायची, ही नाही. यमूला कोणी काय दाखवणार? आमच्या घरात अळंबी हा विषयच नव्हता. आत्या म्हणते बंदी यमूनंतर आली. मला वाटतं, बंदी आधीपासूनच होती आणि यमू तिच्यामुळे गेली. (यावर घरच्या मंडळींशी माझं भांडण होणार हे मी धरून चाललोय.)

मला ही ओळख झाली ती भागीरथीकाकीमुळे. १९७६ ची मे महिन्याची सुट्टी लांबून आम्ही काही कारणाने श्रावणापर्यंत गावीच राहिलो होतो. मीही तेव्हा नऊ वर्षांचाच. काकी वरच्या वाडीतली, आमच्याकडे लावणी-कापणीला यायची. मी तिच्या मागे मागे रानात जायचो. तिची अळंबी बघायची रीत अशी की ती आधी छत्री बघायचीच नाही, जागा बघायची. वारूळ कुठे आहे? वर दिसत नसेल तर जमिनीखाली असू शकतं, म्हणून गेल्या वर्षी इथे आली होती का ते आठवायचं. मग छत्रीचं टोक. मधोमध भाल्यासारखं टोकदार उंचवटं हवं, कारण तिला कडक माती फोडून वर यायचं असतं. मग ती काठीने देठाभोवतीची माती हळूहळू उकरायची. देठ खाली निमुळता होत मुळासारखा जातच राहतो, कधी हातभर, थेट वाळवीच्या पोळ्यापर्यंत. "मुळी नाय तर हात नाय लावायचा," हे तिचं वाक्य. देठ जमिनीलगतच संपला, किंवा बुडाशी पिशवीसारखा कोष दिसला, की ती ती छत्री तिथेच टाकून पुढे जायची.

काकी शाळेत गेली नव्हती, पण हे सगळं पुस्तकाशी जुळतं. अमानिटा नावाच्या कुळातल्या ज्या जीवघेण्या अळंब्या आहेत त्यांच्या बुडाशी असा कोष असतो आणि तो मातीत असल्यामुळे वरून खुडणाऱ्याला दिसत नाही. पुस्तकात आणखी एक परीक्षा असते जी काकीकडे नव्हती. छत्री कापून पालथी कागदावर रात्रभर ठेवायची आणि सकाळी खाली पडलेल्या बीजाणूंचा रंग बघायचा. वारुळाच्या अळंबीचा तो गुलाबीसर येतो, अमानिटाचा पांढरा, आणि पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारी जी मोठी खवलेदार छत्री भल्याभल्यांना फसवते तिचा चक्क हिरवट.

हे वाचून कोणीही टोपली घेऊन निघू नका, हात जोडून सांगतो. ही ओळख वाचून येत नाही. कोणाच्या तरी मागे चार पावसाळे हिंडावं लागतं.

आत्या म्हणाली, "तेव्हा कोणी चांदीचा रुपया टाकून बघितला असता तर?" हा समज फार पसरलेला आहे. विषारी अळंबीत चांदी काळी पडते, लसूण निळा होतो, भात लाल होतो, वगैरे. सगळं खोटं. चांदी गंधकाने काळी पडते, अंड्यानेही पडते. अमानिटातल्या विषाला ती ओळखत नाही. ते विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. आणि ते दगाबाज असं की पहिले सहा-बारा तास, कधी जास्तच, काही होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखाद दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. यमूने तिसऱ्या दिवशी पेज मागितली ती याच मधल्या दिवसात. हे जुनं झालं असं मानू नका. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात चहामळ्यांच्या भागात रानातली अळंबी खाऊन दहाहून जास्त माणसं गेली.

असो. पुन्हा काकीकडे येतो, कारण तिच्याकडून मिळालेली दुसरी गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. ती सगळी अळंबी कधीच आणायची नाही. पूर्ण उमललेल्या चार-सहा तशाच ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "त्या राहूदेत, त्या पुढल्या वर्साच्या." मला वाटलं काहीतरी देवाधर्माचं असेल. पण त्यामागे पक्कं गणित आहे. पहिल्या पावसात दिव्याभोवती जी पंखवाली वाळवी जमते, तिच्यातली जोडपी पंख टाकून जमिनीत शिरतात आणि नवं घर मांडतात. बहुतेक जातींत त्यांच्यासोबत बुरशी नसते. काही आठवड्यांनी त्यांची पहिली कामकरी वाळवी पाचोळा गोळा करायला बाहेर पडते, आणि नेमकी तेव्हाच जुन्या वारुळांवर अळंबी उमललेली असते. तिचे बीजाणू पाचोळ्यावर पडतात, वाळवीच्या पोटातून नव्या पोळ्यावर जातात, आणि नवी शेती सुरू होते. उमलण्याआधीच सगळ्या कळ्या खुडल्या तर नव्या घराला बियाणंच मिळत नाही.

आणि बाजाराला हव्या असतात नेमक्या कळ्या, कारण त्या टणक असतात, टिकतात. गोव्यात श्रावणात रस्त्याच्या कडेला अळंबी पानांवर मांडून नगावर विकतात आणि भाव ऐकून घाम फुटतो. डॉ. नंदकुमार कामत वर्षानुवर्षं लिहीत, सांगत आलेत की हा हावरटपणा थांबवा, वारुळं वाचवा. अभयारण्यातून काहीही उचलायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहेच, पण भूक आणि भाव यांच्यापुढे कायदा किती पुरणार!

टिकण्यावरून आठवलं. ही अळंबी खुडल्यावर दुसऱ्या दिवशी काळी पडते, किडे होतात. हिमालयातली गुच्छी माळेत ओवून चुलीवर सुकवली की वर्षभर राहते, म्हणून ती दिल्लीच्या पुलावापर्यंत पोचली आणि नावाजली गेली. आमची मात्र पिकते तिथेच संपते. त्यात ती येते भर पावसात, उन्हाचा पत्ता नसताना. काकी उरलेली हाताने उभी फाडायची (विळी लावायची नाही), सुईदोऱ्यात ओवायची आणि चुलीवरच्या वाशाला टांगायची. धुराने आठवड्याभरात चामड्यासारखी व्हायची. दिवाळीनंतर सुक्या बांगड्यासारखी रश्शात पडायची. पोत जायचा, वास मात्र दुप्पट व्हायचा.

याच अळंबीची चिनी बहीण युन्नान प्रांतात मिळते, तिला तिथे जीझोंग म्हणतात. तिथल्या लोकांनी वेगळी युक्ती काढली. तेलात मिरची घालून मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत तळायची आणि तेलात बुडवून बरणी भरायची. आपल्या लोणच्याचाच विचार, तेलाचा थर वर आला पाहिजे. मिंग घराण्याच्या तिआन्ची बादशहाला (१६२० ते १६२७) ही इतकी प्रिय होती की घोड्यांची डाक बसवून ती राजधानीत आणवत, अशी आख्यायिका सांगतात. आमच्या कोकणात तेल पाण्यासारखं वापरायची ऐपत कोणाची होती? धूर मात्र फुकट होता.

काकी १९९१ मध्ये गेली. त्या वारुळाच्या जागी आता कलमांची बाग आहे; बाग लावताना जमीन जेसीबीने सपाट केली.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं नाही अर्थात. तिला एवढंच सांगितलं की मी त्या वर्षी काकीच्या घरी, चुलीपुढे बसून, कांदा आणि ओलं खोबरं घातलेली अळंबी भाकरीबरोबर खाल्ली होती आणि आजीला आजवर कळू दिलं नव्हतं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग आत्याने हळूच विचारलं, "कशी लागते रे?"

मी म्हटलं, "मातीसारखी. पहिला पाऊस पडल्यावर वास येतो ना, तशी."

"मग बरी लागत असेल," असं म्हणाली, आणि गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.